आकडा जुळला पाहिजे : भूरसायनशास्त्राचे आंतरराष्ट्रीय जग

भूरसायनशास्त्र हे पृथ्वीच्या घडणीतील मूलद्रव्यांचा हिशेब ठेवणारे शास्त्र आहे. कोणते मूलद्रव्य कोठे साठले, किती साठले, कोणत्या वाटेने तेथे पोहोचले आणि तेथून पुढे कोठे निघाले आहे, हे प्रश्न ते खडकाला, मातीला, समुद्राच्या पाण्याला, हवेला आणि आकाशातून पडलेल्या अशनीलाही सारख्याच चिकाटीने विचारते. या शास्त्राचे नाव जुने असून ओझोन वायूचा शोध लावणारे ख्रिस्टियन शोनबाइन यांनी ते १८३८ मध्ये प्रथम वापरले. त्या नावाला साजेसे काम उभे राहायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले, कारण हिशेब ठेवायचा तर आधी मोजता आले पाहिजे, आणि खडकाच्या दहा लाख भागांत दडलेला एखादा भाग मोजण्याची साधने त्यापूर्वी नव्हतीच. पुढे साधने आली, तरी एक अडचण कायम राहिली : एका प्रयोगशाळेने काढलेला आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळला नाही, तर त्यांतला खरा कोणता, हे सांगणारा तिसरा कोणी नसतो. या विद्याशाखेच्या परिषदा, सागरी मोहिमा, माहितीसाठे आणि तरुणांसाठीच्या योजना वरकरणी कितीही वेगळ्या दिसल्या, तरी मोजणाऱ्यांनी एकमेकांची मोजमापे तपासली पाहिजेत या एकाच गरजेने त्या बांधल्या गेल्या आहेत.

या शास्त्राला शिस्त लावणाऱ्यांत रशियातील व्लादिमीर वेर्नाड्स्की आणि नॉर्वेतील व्हिक्टर गोल्डश्मिट ही दोन नावे अग्रभागी येतात. १८८८ मध्ये झुरिकला जन्मलेले आणि वडिलांच्या प्राध्यापकीमुळे लहानपणीच नॉर्वेत आलेले गोल्डश्मिट यांनी मूलद्रव्यांची त्यांच्या 'आवडी'नुसार चार गटांत विभागणी केली. वितळलेल्या लोखंडाबरोबर जाणारी ती लोहप्रिय, गंधकाशी सोयरीक करणारी ती गंधकप्रिय, सिलिकेट खडकांत रमणारी ती शिलाप्रिय आणि वायुरूपाने वातावरणात राहणारी ती वातप्रिय. ही वाटणी दिसायला साधी असली, तरी तिच्यातून बरेच काही उलगडते. सोने लोहप्रिय असल्यामुळे पृथ्वी तरुण आणि तप्त असताना त्याचा फार मोठा वाटा लोखंडाबरोबर थेट गाभ्यात उतरला आणि वरच्या कवचात जेमतेम चिमूटभर उरला. सराफाच्या तराजूवर आज जी किंमत दिसते तिचे एक कारण असे साडेचार अब्ज वर्षे मागे जाते. गोल्डश्मिट ज्यू होते. नाझी राजवटीच्या निषेधार्थ त्यांनी १९३५ मध्ये गटिंगेनचे प्राध्यापकपद सोडले. १९४२ मध्ये ओस्लोच्या धक्क्यावरून ज्यूंना आउश्वित्झच्या दिशेने नेले जात असताना त्यांना ऐनवेळी रांगेतून बाजूला काढण्यात आले, म्हणून ते वाचले. पुढे स्वीडनमार्गे ते ब्रिटनला पोहोचले आणि १९४७ मध्ये ओस्लोत निवर्तले. आज भूरसायनशास्त्राची सर्वांत मोठी वार्षिक परिषद त्यांच्या नावाने भरते.

त्या परिषदेकडे वळण्यापूर्वी एक आकडा तयार कसा होतो हे जवळून पाहणे इष्ट ठरेल. काळ्या बेसॉल्टचा एखादा तुकडा प्रयोगशाळेत येतो तेव्हा त्याची हवा-पाण्याने झिजलेली बाहेरची साल आधी काढून टाकतात, आतला ताजा भाग फोडून अकीक दगडाच्या भांड्यात पिठासारखा बारीक दळतात आणि त्या पिठातला ग्रॅमचा जेमतेम दहावा भाग टेफ्लॉनच्या छोट्या डबीत घेऊन त्यावर हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्ल ओततात. काचेचे भांडे येथे चालत नाही, कारण जे आम्ल खडक विरघळवते ते काचही खाते. डबी एक-दोन दिवस उष्ण तव्यावर ठेवली, की खडकाचे पाणी होते. ते पाणी राळेच्या बारीक कणांनी भरलेल्या नळीतून थेंबाथेंबाने झिरपू दिले, की वेगवेगळी मूलद्रव्ये वेगवेगळ्या वेळी खाली उतरतात आणि हवे ते मूलद्रव्य, उदाहरणार्थ स्ट्रॉन्शियम, वेगळे धरता येते. त्यानंतर ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणूंना त्यांच्या वजनानुसार निवडून मोजणाऱ्या यंत्रात जाते आणि स्ट्रॉन्शियम-८७ व स्ट्रॉन्शियम-८६ या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर हाती लागते. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे, पण अणूच्या वजनात फरक असलेले प्रकार. एवढ्या सगळ्या पायऱ्यांत हाताचा घाम, धूळ, आम्लातली अशुद्धी किंवा यंत्राचा लहरीपणा कोठेही शिरू शकतो.

म्हणून यंत्रात खडकाबरोबर एक ओळखीचा पदार्थही घातला जातो. स्ट्रॉन्शियमच्या बाबतीत तो पदार्थ म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तयार केलेली स्ट्रॉन्शियम कार्बोनेटची पांढरी भुकटी. जगभर ती ९८७ या क्रमांकाने ओळखली जाते आणि तिचे गुणोत्तर ०.७१०२५ च्या जवळ आले, तरच त्या दिवशीचे बाकीचे आकडे विश्वासार्ह मानले जातात. शोधनिबंधातील तक्त्याखालच्या बारीक टिपेत ही नोंद असते. जाणकार वाचक आधी ती टीप वाचतो आणि मग निष्कर्षाकडे वळतो.

ही सावधगिरी अनुभवातून आली आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला ऱ्होड आयलंडमधील ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियातील डायाबेस अशा दोन खडकांची पूड करून ती वेगवेगळ्या प्रयोगशाळांना वाटण्यात आली. एकच खडक आणि एकच पूड असताना उत्तरे जवळपास सारखी येतील अशी अपेक्षा होती. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात मात्र नामांकित प्रयोगशाळांचे आकडेही एकमेकांपासून इतके दूर पडलेले दिसले, की खडकांच्या रासायनिक पृथक्करणाबद्दलचा जुना आत्मविश्वास तेथेच ढासळला. त्यानंतर संदर्भ-खडक ही संकल्पना रुजली. हवाईतील किलाउआ ज्वालामुखीच्या हालेमाउमाउ विवरातून १९१९ मध्ये उतू गेलेल्या लाव्ह्याची पूड आज जगातल्या शेकडो प्रयोगशाळांच्या कपाटात आहे आणि बेसॉल्टवर काम करणारे अनेक जण आपल्या खडकाआधी तो हवाईचा खडक मोजून पाहतात. भूविश्लेषकांची आंतरराष्ट्रीय संघटना याच्याही पुढे गेली आहे : ती वर्षातून दोनदा अज्ञात घटकांची पूड प्रयोगशाळांना पाठवते आणि कोणाचे उत्तर किती चुकले ते गुण देऊन कळवते. नामवंत प्राध्यापकांनी स्वखुशीने परीक्षेला बसावे, अशी प्रथा फार थोड्या विद्याशाखांत आढळेल.

मराठी वाचकाला या साऱ्याचा संबंध दूरचा वाटण्याचे कारण नाही, कारण भूरसायनशास्त्राच्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगभूमींपैकी एक सह्याद्री आहे. सह्याद्रीचा कातळ डोळ्यांना सर्वत्र सारखाच काळा दिसतो आणि हजारो फूट जाडीच्या त्या लाव्ह्यातला कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, हे नुसते पाहून ठरवता येत नाही. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील कीथ कॉक्स आणि क्रिस हॉक्सवर्थ, अमेरिकेतील पीटर हूपर आणि मुंबईच्या आयआयटीतील के. व्ही. सुब्बाराव यांच्यासारख्या संशोधकांनी घाटाघाटांतून नमुने गोळा करून थरांची रासायनिक ओळख पटवली. त्यातून जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा अशी खालून वर जाणारी थरांची मालिका सिद्ध झाली. आंबेनळी थराचे स्ट्रॉन्शियम गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास राहते, म्हणजे तो लाव्हा खोल प्रावरणातून फारशी भेसळ न होता वर आला. बुशे थराचे गुणोत्तर मात्र ०.७१३ च्याही वर जाते, कारण वाटेत त्या शिलारसाने खंडाच्या जुन्या खडकाचा बराच भाग आपल्यात विरघळवून घेतला. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारी एसटी ज्या घाटातून वळणे घेत जाते, त्या घाटाचे नाव प्रिन्स्टन किंवा ऑक्सफर्डमधील संशोधकांच्या निबंधांत येते, ही गोष्ट पोलादपूरमध्ये फारशी कोणाला माहीत नसावी.

याच थरांवरून आकडे न जुळण्याचे अलीकडचे एक बोलके उदाहरण घडले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर नष्ट झाले, त्यात दख्खनच्या उद्रेकांचा वाटा किती, हा जुना वाद आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध प्रसिद्ध झाले. प्रिन्स्टनच्या गटाने लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दिसणाऱ्या तांबूस पट्ट्यांतून झिर्कॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचून युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढले, तर बर्कलीच्या गटाने खुद्द बेसॉल्टमधील फेल्स्पार खनिजावर आर्गॉन पद्धत वापरली. उद्रेकांचा मुख्य भाग दहा लाख वर्षांच्या आत उरकला, यावर दोघांचे एकमत झाले. पण पहिल्या गटाच्या मते विनाशाच्या थोडेच आधी लाव्ह्याचा एक मोठा लोंढा आला होता, तर दुसऱ्या गटाच्या मते तीन-चतुर्थांश लाव्हा विनाशानंतर बाहेर पडला. दोन्ही गट काटेकोर, दोघांचे नमुने त्याच घाटांतले, आणि तरीही कथा दोन. कोणी चूक केली असे म्हणून येथे भागत नाही. दोन घड्याळे एकमेकांशी कशी लावायची आणि खडकात ती विनाशाची रेघ नेमकी कोठे ओढायची, हा खरा प्रश्न आहे, आणि तो एकट्याने सुटणारा नाही.

असे प्रश्न घेऊन माणसे एकत्र येतात ती गोल्डश्मिट परिषदेत. १९५५ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील जिओकेमिकल सोसायटी आणि १९८५ मध्ये स्थापन झालेली युरोपीय भूरसायन संघटना या दोन संस्था ही परिषद संयुक्तपणे भरवतात. पहिली परिषद १९८८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरजवळ भरली. त्यानंतर ती बहुधा युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यात फिरत राहिली, मधूनच कुराशिकी, मेलबर्न, योकोहामा अशी पूर्वेकडेही आली. ल्योंमध्ये २०२३ ची, शिकागोत २०२४ ची आणि प्रागमध्ये २०२५ ची परिषद झाली. तीन-चार हजार संशोधक पाच-सहा दिवस एकत्र जमतात आणि चंद्राच्या मातीपासून भाताच्या खाचरातील आर्सेनिकपर्यंत सर्व विषय एकाच छताखाली चर्चिले जातात. या परिषदेचे खरे काम सभागृहापेक्षा भित्तिपत्रांच्या दालनात होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये. तेथे पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी आपल्या तक्त्याशेजारी उभा असतो आणि ज्यांची पुस्तके वाचून तो शिकला, ते गृहस्थ समोर येऊन त्याला नेमके तेच विचारतात जे तक्त्याखालच्या टिपेत लिहिलेले नसते.

या संस्था पदकेही देतात. त्यांतील गोल्डश्मिट पदक १९७२ पासून दिले जाते आणि १९९७ मध्ये ते देवेंद्र लाल यांना मिळाले. वाराणसीला जन्मलेल्या लाल यांची संशोधक म्हणून घडण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाली. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आणि खडकांवर आदळून जे किरणोत्सारी अणू तयार करतात, त्यांचा घड्याळासारखा उपयोग करण्याच्या शास्त्रात त्यांचे काम पायाभूत मानले जाते. एखादा डोंगर किती वेगाने झिजतो किंवा समुद्राचे पाणी किती काळाने तळातून वर येते, हे आज जगभर ज्या पद्धतींनी मोजतात त्यांत मुंबईचा हा वाटा आहे. पुढे ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. चंद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीवरील मूलद्रव्ये ओळखणारे उपकरण याच प्रयोगशाळेने तयार केले. २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण भागात २३ ठिकाणी घेतलेली त्याची मोजमापे पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली, तेव्हा ती अपोलो-१६ आणि लुना-२० या जुन्या मोहिमांनी आणलेल्या मातीशी ताडूनच पाहण्यात आली. तुलनेची ही गरज चंद्रावरही सुटत नाही.

समुद्रात ती आणखी तीव्र होते. सागराच्या पृष्ठभागाजवळच्या पाण्यात लोह इतके कमी असते, की लिटरभर पाण्यात ग्रॅमचे काही अब्जांश भागच सापडतात, आणि ते मोजायला निघालेले जहाज स्वतःच लोखंडाचे असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सागरी लोहाचे आणि शिशाचे बहुतेक आकडे जहाजाच्या गंजाचे, रंगाचे आणि धुराचे होते, हे नंतर कळून चुकले. पृथ्वीचे वय ४.५५ अब्ज वर्षे आहे हे १९५६ मध्ये सिद्ध करणारे क्लेअर पॅटरसन यांनी शिशापुरता हा धडा आधीच दिला होता : अशनीतील शिसे मोजताना भेसळीने बेजार होऊन त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि त्याच ध्यासातून पेट्रोलमधील शिशाने सारे जग माखले आहे हे पुढे उघड केले. २०१० मध्ये मोजणीला लागलेल्या जिओट्रेसेस या प्रकल्पाने ही स्वच्छता सार्वत्रिक नियम बनवली. सुमारे ३५ देशांचे संशोधक त्यात सहभागी आहेत. पाण्याच्या बाटल्या टायटॅनियमच्या किंवा तत्सम गंजरहित चौकटीवर बसवून, पोलादी तारेऐवजी कृत्रिम धाग्याच्या दोरावर खाली सोडतात, वर आल्यावर त्या प्लॅस्टिकने वेढलेल्या, गाळलेल्या हवेच्या खोलीत नेतात, आणि दोन देशांच्या मोहिमांचे मार्ग जेथे एकमेकांना छेदतात तेथे दोघेही त्याच ठिकाणचे पाणी मोजून आपापले आकडे समोरासमोर ठेवतात. जुळले नाहीत, तर ते सामायिक साठ्यात स्वीकारले जात नाहीत. २०१४, २०१७ आणि २०२१ मध्ये हे साठे सर्वांसाठी खुले झाले. हिंदी महासागरातील भागात भारतीय संशोधकांचा सहभाग आहे. अहमदाबादला या कामाचे नेतृत्व केलेले सुनीलकुमार सिंह पुढे गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले.

ज्या महाविद्यालयात मास स्पेक्ट्रोमीटर नाही, आणि महाराष्ट्रातील बहुतेक भूशास्त्र विभागांत तो नाही, तेथील विद्यार्थ्याला या जगात शिरण्याचा रस्ता कोणता, हा यानंतरचा स्वाभाविक प्रश्न. पहिला रस्ता खुल्या माहितीसाठ्यांचा आहे. गटिंगेन विद्यापीठात सांभाळला जाणारा जिओरॉक आणि अमेरिकेतील लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेचा अर्थकेम या साठ्यांत जगभरच्या ज्वालामुखी खडकांची प्रसिद्ध पृथक्करणे एकत्र केलेली असून दख्खनच्या खडकांचीही त्यांत मोठी नोंद आहे. ती फुकट उतरवून घेता येते. नीट प्रश्न विचारता आला, तर एखादा उत्तम पदव्युत्तर प्रबंध केवळ संगणकावर उभा राहू शकतो. जुन्या पृथक्करणांतील कोणती विश्वासार्ह आणि कोणती नाही याची छाननी हे तर स्वतंत्र संशोधनच आहे आणि त्याला यंत्र लागत नाही, फक्त चिकाटी लागते.

दुसरा रस्ता संस्थांच्या योजनांचा. परिषदेत विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत, काहींना प्रवासखर्च, नवख्यांना अनुभवी संशोधकांशी जोडून देणारे मार्गदर्शनाचे कार्यक्रम आणि परिषदेआधीच्या कार्यशाळा असतात. अनेक भूवैज्ञानिक संस्था मिळून २००५ पासून काढत असलेले 'एलिमेंट्स' हे द्वैमासिक प्रत्येक अंकात एकच विषय घेऊन तो सोप्या रीतीने समजावते. पाठ्यपुस्तकानंतर आणि शोधनिबंधाआधी वाचावे असे त्याहून चांगले साहित्य क्वचितच मिळेल. देशातल्या देशात आयआयटी, अहमदाबादची प्रयोगशाळा, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, दोना पावला येथील समुद्रविज्ञान संस्था आणि वास्को येथील ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या ठिकाणी नेट किंवा गेट परीक्षेतून प्रवेश मिळतो, आणि परदेशी जाणाऱ्यांना जर्मनीची डाड, युरोपची मारी क्युरी किंवा फुलब्राइट-नेहरू अशा शिष्यवृत्त्या आहेत.

या जगात उणिवा नाहीत असे नाही. परिषदेचे शुल्क, विमानभाडे आणि व्हिसा यांचा एकत्रित खर्च भारतीय विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जातो आणि सवलतींनी तो पुरता भरून निघत नाही. करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ च्या परिषदा संपूर्ण ऑनलाइन झाल्या, तेव्हा घरबसल्या सहभाग शक्य झाला खरा, पण भित्तिपत्राशेजारची ती गाठभेट पडद्यावर होत नाही. त्याहून जुना सल असा, की श्रीमंत देशांतील पथके खडक घेऊन जातात आणि निबंधावर स्थानिक संशोधकांचे नाव नसते. या प्रथेला आता उघडपणे नावे ठेवली जातात, ही सुधारणाच. तरीही स्थानिकाला केवळ वाटाड्या न मानता सहलेखक मानायचे, तर स्थानिकाकडेही स्वतःचा प्रश्न आणि नीट नोंदलेले नमुने असावे लागतात. कोणत्या घाटातून, किती उंचीवरून, कोणत्या दिवशी उचलला याची नोंद नसलेला खडक प्रयोगशाळेच्या दृष्टीने निव्वळ दगड असतो.

विद्यापीठाबाहेरही या ज्ञानाला मागणी वाढते आहे. चंद्रपूर आणि यवतमाळकडच्या विहिरींतील फ्लोराइड, गंगेच्या खोऱ्यातील आर्सेनिक, बॅटरीसाठी लागणाऱ्या दुर्मीळ खनिजांचा शोध, ही सारी भूरसायनशास्त्राचीच कामे आहेत. बेसॉल्ट झिजताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, या जुन्या निरीक्षणावर आता नवा उद्योग उभा राहतो आहे : बेसॉल्टची पूड शेतात पसरून कार्बन बांधून ठेवण्याच्या पद्धतीसाठी भारतातील छोट्या शेतकऱ्यांबरोबर काम करणाऱ्या माटी कार्बन या उपक्रमाला २०२५ मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. किती कार्बन खरोखर बांधला गेला, हे मात्र माती आणि पाणी मोजूनच ठरवावे लागेल, आणि तेथेही पुन्हा दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळावे लागतील.

गोल्डश्मिट परिषद बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये भरते आणि तिच्यासाठी जेमतेम पानभर सारांश पाठवण्याची मुदत साधारणपणे त्याआधीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते. घाटात नमुने गोळा करण्याचे दिवस पावसाळा सरल्यावर सुरू होतात आणि यंत्राची पाळी मिळायला महिने लागतात. तेव्हा पुढच्या वर्षी तेथे उभे राहू इच्छिणाऱ्याने खडक यंदाच्या उन्हाळ्यातच उचलावेत आणि दिवाळीपर्यंत दळून ठेवावेत.